अडीच महिन्यांचं युग आणि आत्याचं साल

आमच्या आत्याला जन्मसाल विचारलं की ती आकडा सांगत नाही. ती म्हणते, "बाबासायेब भंडाऱ्याले उभे रायले होते ना, त्याच उनाऱ्यातली मी." नात्यातल्या सगळ्यांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं, २०१९ च्या मे महिन्यापर्यंत.

त्या मे महिन्यात मी गावी होतो. आत्याला श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन मिळावं म्हणून अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. पासष्ट वर्षं पूर्ण हवीत, ती तिची झाली होती. खिडकीपलीकडचा मुलगा तरुण होता, बोलायला चांगला होता. त्यानं विचारलं, "आजी, जन्मतारीख?" आत्यानं नेहमीचं उत्तर दिलं. मुलानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मे १९५४." तो म्हणाला, "कागद?" कागद म्हणजे आधार कार्ड. त्यावर होतं ०१/०१/१९६०.

हे कसं झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शिबिरात आत्याला तारीख विचारली, तिनं तेच सांगितलं असणार, आणि समोरच्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघून एक गोल साल आणि एक जानेवारी टाकून दिली. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांचे कार्ड एकत्र ठेवून बघा, अर्धं गाव एक जानेवारीला जन्मलेलं निघेल. आधीच्या पिढीत गुरुजी एक जुलै टाकायचे, एवढाच फरक.

"यांना अजून साडेपाच वर्षं थांबावं लागेल," तो मुलगा म्हणाला. शाळेचा दाखला असेल तर आणा म्हणाला. आत्या शाळेच्या पायरीवरही कधी बसली नाही, दाखला कुठून येणार! बाहेर येऊन आम्ही रसवंतीवर बसलो. आत्या एवढंच म्हणाली, "माह्या वय मले मालूम, त्यायले नाही मालूम. चाल बाबू, घरी जाऊ."

तर हे झालं एक. दुसरं असं, की त्याच महिन्याच्या १ तारखेला, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी, जपानमध्ये नवं युग सुरू झालं होतं. जुना सम्राट पायउतार झाला, नवा गादीवर बसला, आणि 'हेइसेइ' संपून 'रेइवा' लागलं. वर्तमानपत्रात फोटो होते, लोक मध्यरात्री रस्त्यावर उतरून नव्या युगाचं स्वागत करत होते. मला या प्रकाराची आधी फारशी माहिती नव्हती. त्या रात्री गावी वीज गेलेली, झोप येईना, म्हणून मोबाईलवर वाचत बसलो.

जपानमध्ये सम्राटाच्या दरबारातून काळाला नाव देण्याची ही पद्धत सातव्या शतकातली. या नावांना ते नेंगो म्हणतात. १८६८ नंतर एक सम्राट, एक युग असा नियम झाला. त्याआधी तसं नव्हतं. भूकंप झाला, साथ आली, आकाशात शेंडेनक्षत्र दिसलं, की जुनं नाव अशुभ ठरायचं आणि नवं नाव द्यायचे. त्यामुळे काही युगं बरीच लांबलेली, काही दोन-तीन वर्षांची. आणि एक तर जेमतेम अडीच महिन्यांचं.

त्याचं नाव ऱ्याकुनिन. १२३८ च्या अगदी अखेरीस सुरू झालं आणि १२३९ च्या मार्चमध्ये संपलं. गादीवर सम्राट शिजो होता, वय सात-आठ वर्षं, म्हणजे खरा कारभार दुसऱ्यांच्याच हातात. आकाशात काही अशुभ दिसलं म्हणून युग बदललं. पण झालं असं, की या नव्या नावाचा उच्चार 'माणसं पळवून नेणं, माणसं कमी होणं' अशा अर्थाच्या शब्दासारखा निघाला. लोकांत कुजबुज सुरू झाली, असं सांगतात. आणि दरबारानं नाव बदलून टाकलं!

मला हे वाचून हसू आलं, आणि मग एकदम आत्या आठवली. त्या अडीच महिन्यांतही जपानात कितीतरी पोरं जन्मली असतील. दरबारानं ते युग गुंडाळून ठेवलं, पण ती पोरं मोठी झाली, त्यांनी भात लावला, लग्नं केली, म्हातारी झाली. त्यांना कुणी विचारलं असेल, तुझा जन्म कधीचा, तर ती काय सांगत असतील? मला तर वाटतं, 'तो तारा दिसला होता ना, त्या हिवाळ्यातली मी,' असंच एखादी म्हातारी सांगत असेल.

आपण म्हणू, जपानी लोकांची ही हौस. पण आपल्याकडेही हे झालेलं आहे, आणि तेही चांगलं वाजतगाजत. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंद संवत्सर, म्हणजे ६ जून १६७४. रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांनी नवा शक सुरू केला. राज्याभिषेक शक. राजशक किंवा शिवशकही म्हणतात. वर्ष पाडव्याला बदलायचं नाही, राज्याभिषेकाच्या तिथीला बदलायचं. शाळेत आपण हे एका ओळीत शिकतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून विचार केला तर केवढी मोठी गोष्ट आहे! आजूबाजूला सगळीकडे दुसऱ्यांच्या सनावळ्या चालू होत्या, आणि एक माणूस म्हणतो, आमचा काळ आजपासून आम्ही मोजणार.

पण गंमत पुढे आहे. त्याच राज्याच्या रोजच्या कागदांत काय दिसतं? सुहूर सन. हा सन दख्खनमध्ये चौदाव्या शतकापासूनचा, मुसलमानी राजवटीतला, आणि त्याचे आकडे चक्क अरबी शब्दांत लिहायचे. राज्याभिषेकाचं वर्ष या सनात 'खमस सबैन व अलफ', म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, १०७५. ज्या राजानं फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला, त्याच्या राज्यात हिशेबाच्या कागदांवर अरबी आकडे चालूच राहिले. पुढे पेशवाई संपेपर्यंत चालले.

का चालले? कारण साधं आहे. चांद्र वर्ष ऋतूंना सोडून मागेपुढे सरकतं, अधिक महिना घालून ओढून आणावं लागतं. सुहूर सन सूर्यावर चालतो आणि सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलतो. म्हणून तर त्याला मृगसाल म्हणतात. शेतसारा पिकावर, पीक पावसावर, आणि पाऊस मृगावर. आमच्या भंडाऱ्याकडच्या धानवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याचं वर्ष अजूनही मृगाला लागतं, रोवण्याला रंगात येतं आणि धान घरात आलं की संपतं. मानाच्या कागदावर राजशक आणि हिशेबाच्या कागदावर मृगसाल, असं दोन्ही सुखानं नांदलं. महाराजांना त्यात कमीपणा वाटला असेल, असं मला वाटत नाही. रयतेचं वर्ष मोडून आपलं वर्ष तिच्यावर लादावं, असं त्यांनी केलं नाही, हे मला त्या नव्या शकाइतकंच मोठं वाटतं.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं, आणि राजशक कागदांवरून हळूहळू दिसेनासा झाला. शालिवाहन शक इसवी ७८ पासून चालू आहे, त्याच्या पुढे हा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा शक छोटाच म्हणायचा. आमच्या भागात तर भोसल्यांचं राज्य. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, वारस मानला नाही, १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं, आणि सरकारी कागदावर इसवी सन बसला तो आजतागायत.

स्वतंत्र झाल्यावर आपणही एक प्रयत्न केला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, देशभरची पंचांगं तपासली, आणि २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. हे काम खरोखर फार विचारपूर्वक झालेलं आहे, सूर्यावर चालणारं आहे, महिन्यांचे दिवस ठरलेले आहेत. पण आज राष्ट्रीय तारीख कोणती आहे, सांगा बघू? मलाही सांगता येत नाही. राजपत्रावर ती छापलेली असते. तिच्यावाचून कुणाचं अडत नाही, म्हणून ती कुणाच्या तोंडी नाही.

आता हे बघा. या १९५७ च्या मार्चच्या पाच महिने आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, आमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर नागपूरला काय झालं? बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाल्याचं ते साल. त्या दिवशी कुणी नवा शक जाहीर केला नाही, राजपत्रात काही छापून आलं नाही. पण आमच्या घरात, आमच्या वस्तीत, त्या दिवसापासून काळाचे दोन भाग झाले. 'दीक्षेआधी' आणि 'दीक्षेनंतर'. कुणाचं लग्न, कुणाचा मृत्यू, विहिरीवरचं भांडण, घरातले देव कधी बाहेर गेले, सगळं या दोन शब्दांत बसवलं जातं. पाच महिन्यांच्या अंतरानं दोन कालगणना आमच्या दारात आल्या. एक विद्वानांनी केलेली, निर्दोष. दुसरी कुणी केलीच नाही, ती झाली. कुठली टिकली, ते सांगायला नको.

मला वाटतं, कालगणनेचं मर्म इथं आहे. ज्या दिवशी माणसाचं जगणं बदलतं, तिथून तो मोजायला लागतो. राजशकाच्या मागे असा दिवस होता, म्हणून कागदावरून गेला तरी तो मनातून गेला नाही. आजही दर जूनला लोक हौसेनं त्याचा आकडा एकमेकांना पाठवतात. मला त्याचा आनंदच आहे. फक्त त्या हौसेबरोबर एवढंही आठवावं, की सामान्य माणसालाही स्वतःचा काळ मोजायचा हक्क असतो, आणि तो मोजतोच.

आत्याकडे परत येतो. तिच्या मायेनं तिला सांगितलेलं असं, की तू झालीस तेव्हा भंडाऱ्याची पोटनिवडणूक होती. हे इतिहासात आहे. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली, बाबासाहेब उभे होते, आणि निवडून आले नाहीत. (आमच्या भंडाऱ्याच्या खात्यावर ही एक गोष्ट कायमची लिहिलेली आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.) मायेनं सांगितलेली दुसरी गोष्ट अशी, की दीक्षेला नागपूरला गेलो तेव्हा तू कडेवर होतीस, बंडीत रडून जीव खाल्लास. म्हणजे अडीच वर्षांची. दोन्ही गोष्टी एकमेकींशी बरोब्बर जुळतात. कुठल्याही वकिलाला यापेक्षा चांगली साक्ष मिळणार नाही.

आणि कागद काय म्हणतो? जन्म १ जानेवारी १९६०. म्हणजे कागदाप्रमाणे आत्या दीक्षाभूमीवर जाऊन आली, तेव्हा तिच्या जन्माला अजून तीन वर्षं बाकी होती!

आता तुम्ही म्हणाल, आणि माझा धाकटा भाऊ नक्कीच म्हणेल, की अरे, सरकार असं आठवणींवर चालतं का? उद्या प्रत्येक जण आपापलं साल सांगायला लागला तर गोंधळ होईल. पटतं मला. आठवणी चुकतात हेही खरं. 'पुराच्या साली' म्हटलं की कुठल्या पुराच्या, हे विचारावंच लागतं, वैनगंगेला काय एकदाच पूर आलाय? आता आमच्याकडची पोरं 'वीसचा पूर' म्हणतात, ऑगस्ट २०२० चा. अजून पन्नास वर्षांनी त्यातलाच कुणी नुसतं 'पुराच्या साली' म्हणेल. आणि खोटं वय सांगणारेही असतात, ते काय मी नाकारत नाही. एका देशाला एक तारीख लागतेच.

माझं म्हणणं एवढंच आहे, की एका कालगणनेतून दुसऱ्या कालगणनेत आकडा बदलून घेणं हे कचेरीचं काम आहे, म्हातारीचं नाही. जपानमध्ये आजही अर्जावर जन्मसाल सम्राटाच्या युगात लिहितात. शोवा २९ म्हणजे १९५४, हे त्यांच्या कारकुनाला करता येतं. पेशव्यांच्या दप्तरातला कारकून तर राजशक, शालिवाहन शक, सुहूर सन, हिजरी, सगळं एकमेकांत बदलायचा, तेही संगणकाशिवाय. मग 'बाबासाहेब उभे होते तो उन्हाळा' म्हणजे १९५४, एवढं एक आम्हाला का जमू नये?

आणि यात नवीन काही नाही. आपल्याच जनगणनेत प्रगणकाला सूचना असते, की माणसाला वय सांगता आलं नाही तर त्या भागातल्या ठाऊक घटनांची आठवण करून देऊन अंदाज काढा. जी गोष्ट जनगणनेला चालते, ती आधारच्या शिबिरात आणि निवृत्तिवेतनाच्या खिडकीवर का चालू नये? प्रत्येक तालुक्यात एक कागद भिंतीवर लावा. आमच्यासाठी मीच लिहून देतो. १९५४ ची पोटनिवडणूक. १९५६ ची दीक्षा. १ मे १९६०, महाराष्ट्र झाला. १९६९-७०, पवनीला उत्खननात स्तूप निघाले. २२ एप्रिल १९८८, राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दचं भूमिपूजन. १ मे १९९९, गोंदिया वेगळा जिल्हा झाला. २०२० चा पूर. म्हातारी माणसं यांतल्या कुठल्या ना कुठल्या गोष्टीला धरून आपलं साल सांगतील. दोन आठवणी जुळल्या की झालं. चेहरा बघून टाकलेल्या एक जानेवारीपेक्षा हे कितीतरी खरं असेल.

आपणही घरी थोडं करायला हवं. आपल्याला वाटतं, आजीला तारीख माहीत नाही, म्हणजे तिला आपलं वय माहीत नाही. तिला चांगलं माहीत असतं. आपल्याला तिची कालगणना वाचता येत नाही, एवढंच. आणि ती वाचू शकणारी माणसं आता एकेक करून जाताहेत. आत्याच्या माय गेली तेव्हा तिच्याबरोबर किती सालं गेली असतील, कुणी विचारून ठेवली नाहीत. ऱ्याकुनिनसारखं अडीच महिन्यांचं युग आठशे वर्षांनी मला गावात बसून वाचायला मिळतं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. आमच्या आत्याचा उन्हाळा कुणी लिहिलेला नव्हता.

म्हणून मी एक वही केली. पहिल्या पानावर आत्याचं लिहिलं. बाबासाहेब भंडाऱ्याला उभे होते तो उन्हाळा, मे १९५४, शके १८७६. हौसेनं खाली राजशक २८० पण लिहिला आणि कंसात शोवा २९ घातलं. दुसऱ्या पानावर शेजारच्या काकांचं, तिसऱ्यावर माझ्या आईचं. आता बावीस पानं भरलीत. यातल्या एकाही पानाचा कुठल्या खिडकीवर उपयोग होईल असं नाही.

कागदावर आत्या १ जानेवारी २०२५ ला पासष्ट वर्षांची झाली. मी सकाळी फोन करून म्हटलं, आत्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा. ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "झाली बाप्पा एकदाची मी म्हातारी! सायबाच्या मनासारखी."

तुमच्याकडे कुणी असं साल सांगणारं असेल, तर पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा विचारून लिहून घ्या. आणि लिहिताना त्यांच्या शब्दांत लिहा, आकडा नंतर खाली टाका.